नावाड्यांचा रविवार

“वहिनी, काठावरून खुद्द दादानं हाक मारली तरी थांबायचं नाही,” असं म्हणत दिरानं नावाडणीच्या दुसऱ्या कानातही कापूस कोंबला.

“त्यांच्या हाकेला मी घरीसुद्धा थांबत नाही,” ती म्हणाली. त्यानंतरचं तिला काही ऐकू आलं नाही. पुलावर कुणीतरी लाल फडकं खाली केलं आणि चार वस्त्यांच्या चार नावा सुटल्या.

शर्यतीचा नियम सोपा होता. खालच्या धक्क्यावर ज्या वस्तीचं पाऊल सगळ्यात शेवटी पडेल, तिनं वर्षभर दर रविवारी साऱ्या शहराला फुकट पलीकडे न्यायचं. पूर्वी नाव टेकली की झालं, असं होतं. पण एकदा कारकुनांची नाव टेकली आणि त्यांचा माणूस अर्ध्या नदीतच राहून गेला, तेव्हापासून पाऊल बघतात.

हरायचे ते कायम नावाडीच. त्यामुळे त्यांच्या वस्तीनं रविवार कधी पाहिलाच नव्हता. या नावाडणीचा नवराही नावाडी. दोघांची गाठ पडायची ती नदीच्या मध्यावर, त्याची नाव येताना आणि हिची जाताना. भाजी काय करायची हे तिथंच ठरायचं. मुलांची नावंही तिथंच ठरली होती.

वल्हं मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं हो. पण हाक आली की नाव वळायची. अंगातच होतं ते. त्या वस्तीत ‘ओ नाववाले’ म्हटलं की रांगतं पोरसुद्धा भिंतीकडे सरकून जागा करून द्यायचं. तालमीच्या वस्तीतल्या पैलवानांनी हे केव्हाच हेरलं होतं. शर्यतीच्या दिवशी ते काठाकाठानं हाका मारणारी माणसं पेरून ठेवत. म्हणून यंदा कापूस.

पहिल्या वळणापर्यंत नावाडीण इतकी पुढे गेली, की मागच्या नावा तिच्या लाटांवर नुसत्या डुलत होत्या. काठावर पेरलेली माणसं घसा फोडत होती. ती मजेत वल्हवत होती.

मग पत्रे ठोकणाऱ्यांची आळी आली. ती माणसं सहा दिवस इतकं ठोकतात, की रविवारी चमचा कपाला लागू देत नाहीत. बोलतातही खुणांनी. त्यांच्यातला एक जण काठावर हात वर करून उभा होता. त्याला पलीकडे बहिणीकडे जायचं होतं, शर्यतीबिर्यतीचं त्याच्या ध्यानात नव्हतं. हाकेला कापूस चालतो, हाताला काय चालणार? नाव वळली. तेवढ्यात बाकीच्या तिन्ही नावा पुढे गेल्या.

पुढे कारकुनांची वसाहत. तिथं रविवारभर स्कूटर धुतात आणि मळेल म्हणून सोमवारी बसनं जातात. एका कारकुनानं ऊन लागतं म्हणून छत्री वर केली. नाव त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“मी कुठं बोलावलं?” कारकून म्हणाला. मग विचार करून आत बसला. “आलीच आहे तर.”

शेवटी तालमीची वस्ती. रविवारी सगळे अंगाला तेल चोपडून काठावर उभे राहतात. वस्ती अशी चमकते, की मासे दुपार झाली समजून खोल पाण्यात जातात. तिथं थोरल्या पैलवानाची म्हातारी आई उभी होती. लेकानंच तिला उभं केलं होतं. नुसता हात कर आई, बाकी मी बघतो, असं सांगून. तिनं हात केला.

काठानं धावणाऱ्या दिरानं कपाळ बडवून घेतलं. नावाडणीनं आजींना हात धरून आत घेतलं.

“मला कुठं जायचं नाहीये गं,” म्हातारी म्हणाली.

“हो हो, तिथंच सोडते,” नावाडीण म्हणाली.

धक्क्यावर थोरला पैलवान केव्हाचा छाती काढून उभा होता. त्याच्यामागोमाग पत्रेवाल्यांच्या नावेतला गडी उतरला होता, कारकुनांचा गडीही यंदा न विसरता उतरला होता. नावाडी वस्ती खाली मान घालून उभी होती. नावाडीण रोजच्यासारखी दोर घेऊन आधी धक्क्यावर उडी मारून उतरली. दोर खुंटाला आवळला. मग पत्रेवाला उतरला, मग छत्रीवाला. म्हातारं माणूस शेवटी, नाव हलायची थांबल्यावर. ही तिची रोजची रीत.

“या, या!” पैलवान हसून म्हणाला. “आता रविवारी वेळेवर येत जा!”

“जरा थांबा,” पंच म्हणाला. पंच म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. डोळ्याला भिंग लावून तो मघापासून धक्क्याच्या फळ्यांवर पडणाऱ्या पावलांकडेच बघत होता. “शेवटचं पाऊल या बाईंचं. या कुठल्या वस्तीच्या?”

पैलवानाचं हसू विरलं.

“ती… ती पाहुणी आहे,” तो म्हणाला.

म्हातारीनं पदर खोचला. “पाहुणी? जन्मभर तुझे लंगोट धुतले ते पाहुणी म्हणून का रे? सांग की त्यांना. कुणाची मी?”

ज्याची पाठ आजवर मातीला लागली नव्हती, तो पैलवान नावेकडे बघू लागला, मग आईकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

“आमची,” तो म्हणाला, आणि भर दुपारी नावाडी वस्तीचा पहिला रविवार उजाडला.