गोड किराईत

घाटमाथ्यावरची शेवटची कपारही भिवा झोरेने पालथी घातली. तिथल्या किराईताचं पान त्याने चावलं. तेही गोडच लागलं.

मुलांनी नाक न मुरडता काढा प्यावा म्हणून शास्त्रज्ञांनी गोड किराईत घडवलं होतं. त्याचे परागकण मधमाश्यांनी रानोमाळ नेले, आणि काही वर्षांत डोंगरातलं सगळंच किराईत गोड झालं. कडूपणा गेला, तसा ताप उतरवण्याचा गुणही गेला. आता गावात पसरलेल्या नव्या तापाला दवाखान्यातल्या गोळ्याही दाद देत नव्हत्या.

भिवा जुडी घेऊन घरी आला, तेव्हा बायको चंद्रा दारातच उभी होती. आत त्यांच्या लेकीचं, सगुणाचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

"गावलं का हो कडू?" चंद्राने विचारलं.

"न्हाई. सगळं गोडच."

चंद्राने तरीही जुडी उकळत ठेवली. हातावर हात धरून बसवेना. सगुणा वाटीभर काढा गटागटा प्यायली.

"बाबा, लई ग्वाड हाय," ती ओठ चाटत म्हणाली. "आनखी दे की."

चंद्रा उठून बाहेर गेली. भिवाने वाटी पुन्हा काठोकाठ भरली.