अनंतापासून जवळ

"विद्युतभाराचा गोळा असा कणाकणानं तयार होतो," कणकेच्या गोळ्याला आणखी एक चिमूट चिकटवत काकू म्हणाली. "प्रत्येक कण अनंतापासून, म्हणजे पार लांबून उचलून आणायचा. आधी येऊन बसलेले कण नव्याला दूर ढकलतात. त्यामुळे आणणाऱ्याला कष्ट पडतात, म्हणून ऊर्जेचं चिन्ह अधिक."

"आणि त्याच गोळ्याची गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा?" वहीवर वाकलेल्या मुलीनं विचारलं.

"तिथं कुणाला काही करावं लागत नाही. ओढीनं सगळं आपोआप जवळ येतं. म्हणून वजा. तू नेमकं उलटं लिहिलंयस, ठमाबाई."

मुलीनं दोन्ही चिन्हं खोडून नीट केली आणि ती पेन्सिल चावू लागली.

"काकू, आई गेल्यावर बाबा लग्न करून तुला या घरात घेऊन आले, तेव्हा तू दिलेला डबा मी न उघडताच परत आणायचे ना?"

"आणायचीस. भाजी तेवढी संध्याकाळी गरम करून मीच खायचे."

"मग मला जवळ आणायला तुला किती कष्ट पडले गं?"

काकूनं मान खाली घालून कणीक जोरजोरात मळायला घेतली.

"कष्ट कसले आलेत? तू आपली आपणच आलीस. तुझं चिन्ह वजा."

मुलगी उठली. काकूचा पिठानं माखलेला तळहात तिनं ओढून घेतला आणि त्यावर बोटानं ठसठशीत अधिकचं चिन्ह काढलं.

"खोटारडी! ढकलत कोण होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे."