निरोपाचं पाणी

मोराव्हा नदीकाठच्या गावठी फुटबॉल क्लबचे अध्यक्ष मध्यंतराला खेळाडूंच्या खोलीत आले. “आज हरायचं. समोरच्या क्लबशी माझं बोलणं झालंय.” सगळ्यांनी माना खाली घातल्या, व्हितोमिर बुटाची नाडी आवळत राहिला. डझनभर क्लब फिरलेला गडी तो. प्रत्येक गावानं त्याच्यामागे पाणी ओतून वाटेला लावलेलं, प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून. शेवटच्या मिनिटाला त्यानंच डोक्यानं विजयाचा गोल मारला. गाव मैदानात घुसलं. “उपऱ्या, उचल बोचकं!” अध्यक्ष गाडीत बसता बसता ओरडले. जर्सी धुणारी स्तामेनामावशी डोळे पुसत बादली घेऊन आली. “जा बाळा, सुखरूप जा.” “मावशी, आण इकडे.” बादली घेऊन तो थेट गाडीमागे गेला आणि सगळं पाणी चाकांपाशी ओतलं. “सुखरूप जा, अध्यक्ष! मी इथंच राहतोय.” मग मैदानाच्या नळापाशी बादल्यांची रांग लागली.