दर पाच मिनिटांनी

“घरच्या वापराला दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर कशाला, काका? एकावर भागतं,” मी म्हणालो.

शेवडेकाकांनी मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला. “हिचे आता फक्त डोळे हलतात. पडद्यावरच्या अक्षरांवर नजर ठेवून ती बोलते. मी बाहेर पडलो, की दर पाच मिनिटांनी ‘आहे’ एवढंच मोबाइलवर पाठवते. परवा कॉम्प्युटर अडकला आणि निरोप थांबला. घरी पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोन असले, की एक बंद पडला तरी दुसरा चालेल ना?”

हो म्हणालो असतो, तर लगेच घेऊन गेले असते. “नाही, काका. एक गेला की अख्खं मशीन थांबतं. त्यापेक्षा दोन साधे कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवू.”

त्यांनी मान डोलावली आणि मोबाइलकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेवटचं ‘आहे’ बारा मिनिटांपूर्वीचं होतं.

“परत अडकला असेल,” म्हणत मी स्कूटरची किल्ली उचलली. “चला, बसा मागे.”

तो कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता. तो बंदच पडलेला असू दे, असं वाटभर देवाला विनवत होतो.