तीन नंबरच्या हॉलचा कॅमेरा

रविवारची टेस्ट सुरू झाली आणि तीन नंबरच्या हॉलचा कॅमेरा पुन्हा बंद पडला.

दयानंद जिन्याखालच्या खोलीत रॅकसमोर उभाच होता. आज तो मुद्दाम आधीपासून येऊन थांबला होता. इथल्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या केबल जिथं येऊन जुळतात त्या डब्यातून, निघालेल्या एकाच केबलनं कॅमेऱ्याला वीज जायची आणि त्याच केबलनं चित्र परत यायचं. म्हणून आजवर त्यानं दोष केबलमध्येच शोधला. केबल बदलली, ती जिथं खोचतात तो पोर्ट बदलला, कॅमेराही बदलला. स्विचवर विजेचा भार जास्त होत असेल म्हणून वायफायचे डबे काढून दुसरीकडे जोडले. एरवी आठवडाभर कॅमेरा बिनतक्रार चालायचा. रविवारी टेस्ट लागली की बंद, आणि दयानंद पोचेपर्यंत पुन्हा चालू.

त्या पोर्टचा दिवा विझला होता. केबल जागेवर होती, शेजारचे दिवे हिरवेगार होते. त्यानं लॅपटॉप जोडून पाहिलं. बिघाड नव्हताच. कुणीतरी स्विचच्या सेटिंगमध्ये शिरून त्या एका पोर्टची वीज बंद केली होती.

दयानंद स्टुलावर बसला. स्विचचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता. एक तो आणि दुसरा श्रीनाथ.

किल्लारीच्या भूकंपात दयानंदच्या घरातलं कुणीच उरलं नाही, तेव्हा श्रीनाथच्या आईनं, गुणाबाईनं, त्याला आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. दोन्ही पोरं एका ताटात जेवून वाढली. पुढं लातूरला येऊन दोघांनी आयटीआय केलं, आणि क्लासेसच्या गल्ल्या फुगत गेल्या तशी कॅमेऱ्यांची, नेटवर्कची कामं मिळून धरली. शेषेराव सरांची ही अकॅडमी त्यांचं सगळ्यात मोठं काम. दयानंदची बायको मनस्विनी तिथंच बायोलॉजी शिकवायची.

तीन नंबरमधल्या काही पोरांचे मार्क अलीकडं एकदम चढले होते. पालक कुजबुजत होते. त्या हॉलवर सुपरव्हिजन मनस्विनीचं असायचं. कॉपीचा ठपका आधी तिच्यावर येणार, हे श्रीनाथला कळत नव्हतं?

संध्याकाळी त्यानं तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"श्रीनाथभाऊजी असं करतील?"

"दुसरं कोण करणार? पासवर्ड त्यालाच माहीत."

तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "सरांच्या कानावर घाला. भाऊ मानता, ठीक आहे. पण उद्या माझी नोकरी गेली तर?"

दुसऱ्या दिवशी तो श्रीनाथच्या घरी गेला. श्रीनाथ ओसरीवर केबलचं बंडल गुंडाळत होता. आत गुणाबाई भाकरी थापत होत्या, म्हणून दयानंदनं आवाज चढवला नाही.

"कॅमेरा खराब न्हाई. कुणीतरी आतून वीज बंद करायलंय."

श्रीनाथनं मान वर केली नाही. "बरं."

"पासवर्ड आपल्या दोघांलाच माहीत हाय."

"दोघांलाच?"

"मग काय गल्लीला सांगत फिरलो मी?"

श्रीनाथनं बंडल खाली ठेवलं आणि त्याच्याकडं पाहिलं. "वहिनीला बोललास?"

"तीच म्हणाली, सरांच्या कानावर घाला."

श्रीनाथनं बंडल पुन्हा हातात घेतलं. आतून गुणाबाईंचा आवाज आला, "दया आलाय का रं? बस म्हणावं, दोघंबी खाऊन घ्या."

"एवढंच सांग," दयानंद म्हणाला. "तू केलंस का?"

"हाव," श्रीनाथ म्हणाला. "मीच केलं."

"कशापायी?"

"ते विचारू नको. जा, सांग सरांला."

दयानंद न जेवता उठला. गाडी चालवताना त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. भूकंपात माणसं गेली तेव्हा दोष द्यायला कुणी नव्हतं. इथं माणूस समोर बसून 'मीच केलं' म्हणाला होता.

शेषेराव सरांनी पोलिसांत दिलं नाही. अकॅडमीचं नाव त्यांनाही जपायचं होतं. श्रीनाथला मात्र पुन्हा पायरी चढू नको म्हणून सांगितलं. ही गोष्ट क्लासेसच्या गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. त्याला लातुरात काम कोण देणार? आठवड्याच्या आत तो आईला घेऊन नांदेडला गेला. जाताना गुणाबाई दयानंदच्या दारात आल्या, पण आत आल्या नाहीत.

"काय झालं ते त्यानं सांगितलं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "नुसतं म्हणाला, दयाचं घर नीट राहू दे."

दयानंदला त्याचाही राग आला. एवढं करून वर आशीर्वाद.

शनिवारी अकॅडमीत बसून त्यानं स्विचचा पासवर्ड बदलला. जुना घरातल्या वहीत लिहिलेला होता; नवा तिथं लिहायचं त्याला सुचलंही नाही.

रविवारी टेस्टची घंटा झाली. दयानंद जिन्याखालच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. अर्ध्या पडद्यावर हॉलचं चित्र, अर्ध्यावर स्विचमध्ये कोण शिरू बघतंय त्याच्या नोंदी. पोर्टचा दिवा हिरवाच राहिला. कॅमेरा चालू होता. श्रीनाथ गेला आणि दोष गेला. आपण बरोबर होतो, याचं त्याला थोडं बरं वाटलं.

पडद्यावर मनस्विनी बाकांमधून फिरत होती. मागच्या रांगेपाशी ती थांबली. तिथली पोरं पेन खाली ठेवून तिच्याकडं बघत होती. तिच्या एका मुठीत घडी केलेला कागद होता, दुसऱ्या हातात मोबाइल. तिनं मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. दयानंदच्या लॅपटॉपवर एक ओळ उमटली: पासवर्ड चुकीचा.

तिनं मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं, आणि पुन्हा टाइप केलं.

पासवर्ड चुकीचा.