विषामृताचा डाव

मिरजेच्या दवाखान्यातनं घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी धाकट्या संयोगितानं अंगणात विषामृत खेळायचा हट्ट धरला. राज्य तिच्या बापावर, लालासाहेबांवर. एरवी वाऱ्यालाही न सापडणारी पोर आज आपणहून त्यांच्या हाताला लागत होती. त्यांनी "विष" म्हटलं की खाली बसायची, थोरली क्रांती पळत येऊन "अमृत" म्हणाली की उठायची. पायरीवर बसलेली आई कितीतरी दिवसांनी हसत होती.

तिसऱ्यांदा क्रांती धावत आली, तेव्हा संयोगितानं तिचा हात वरच्या वर धरला. लालासाहेब दोन पावलांवरच होते. त्यांना ऐकू आलं.

"ताई, अमृत नगं देऊस. विषच असू दे. नुसतीच दमून बसले, तर आई रडती."