आतली कडी

वत्सलाबाईंच्या नवऱ्याला पोलिसांनी अंघोळीवरून ओल्या अंगाने फरफटत नेलं, तेव्हा कुणी दार वाजवलं नव्हतं. शहरातली सगळी दारं पोलिसांचा हुकूम मिळताच आपणहून उघडत. घर चुकलं होतं, हे मागाहून कळलं.

बाईंनी ते दार भंगारात दिलं आणि सुताराकडून साधं सागवानी बसवून घेतलं, आतून लोखंडी कडीचं.

आज दुपारी बाहेर बूट वाजले. बराच वेळ कुजबुज चालली. अखेर कुणीतरी अवघडल्यासारखी थाप मारली.

“कोण आहे?”

“पोलीस. झडती घ्यायचीय.”

“वॉरंट फटीतून आत सरकवा.”

“कागद नसतो, बाई. वॉरंट आम्ही थेट दाराला पाठवतो.”

“ह्या दाराला वाचता येत नाही,” चष्मा पुसत वत्सलाबाई म्हणाल्या. “मला येतं. कागद घेऊन या.”